नावाड्याच्या बायकोचं कुलूप

तंबूच्या पिशवीत नऊ काठ्या असतात असं पिशवीवर छापलं होतं आणि आमच्या जावयाने आठच मोजल्या. मग त्याने परत मोजल्या. तो दातांचा डॉक्टर. बत्तीसच्या बत्तीस हाताला लागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नववी काठी माझ्या हातात होती आणि तिच्यावर रेलून मी तळं बघत उभा होतो. हे मी त्याला दहा मिनिटांनी सांगितलं.

"बाबा!" लेक ओरडली.

"मला वाटलं म्हाताऱ्यांसाठी वेगळी दिलीय."

जावई हसला नाही. त्याने काठी घेतली, पुसली आणि भोकात बसवली.

आम्ही चौघं दोन दिवसांसाठी आलो होतो. तळ्याकाठी राहायचं, आसपासच्या जुन्या वास्तू बघायच्या, परत जायचं. बेत सगळा माझ्या बायकोसाठी होता. त्या हिवाळ्यात ती सतरा दिवस इस्पितळात होती. सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं होतं. खुर्चीवर बसवून जे सांगतात ते त्यांनी सांगितलं. सतराव्या दिवशी ती उठून बसली आणि माझा शर्ट मळलाय म्हणाली. घरी आल्यापासून मी तिच्या मागे मागे फिरायचो. ती गच्चीत गेली की मी गच्चीत, ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर. ती मला "शेपूट" म्हणायला लागली होती.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी चाळीस वर्षं गाइड होतो. सरकारी बिल्ला, सरकारी टोपी, एक जुना राजवाडा. त्या राजवाड्यात खरं म्हणजे काहीच घडलेलं नव्हतं. तीन राजे, तिघंही अंथरुणात वारले, त्यातले दोन अपचनाने. मग उरलेलं मला घडवावं लागलं. सज्ज्यातून उडी मारलेली राणी माझी. तळघरातला आंधळा खजिनदारही माझाच. एका मास्तरांनी त्या राणीवर धडा लिहिला, त्याला मी काय करणार?

तळं लांबट होतं. काठावर करडे, चपटे खडे. पाण्याला वास नव्हता, आणि मला ते आवडलं नाही. प्रत्येक पाण्याला वास असतो. वारा सतत होता, तंबूचं कापड फडफडत होतं, आणि पाणी मात्र झोप न लागलेल्या माणसासारखं नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर होत होतं. मी चारदा खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली. कुठेच बरं वाटेना.

"तुम्हाला काय चावतंय?" बायको म्हणाली.

"काही नाही. जागा बघतोय."

"खुर्ची एकच आहे ना? मग जागाही एकच पुरे."

तंबूपासून हाकेच्या अंतरावर एक पडकं घर होतं. छप्पर गेलेलं, दोन भिंती, दगडी उंबरा, आणि उंबऱ्यापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. नकाशात त्यावर फक्त 'पडीक' असं लिहिलं होतं. चहा पिऊन आम्ही तिकडे गेलो. बायको उंबऱ्यावर बसली.

"कुणाचं हो हे घर?"

मला काय माहीत! पण मला कुणी असं विचारलं की तोंडातून 'माहीत नाही' निघत नाही. मी घसा साफ केला.

"नावाड्याचं," मी म्हणालो. "पूल नव्हता तेव्हा तो लोकांना पलीकडे न्यायचा. इथे तो आणि त्याची बायको राहायचे."

लेक लगेच दगडावर बसली. जावईही बसला, आधी रुमाल पसरून.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात कळते. दगड कुणाच्या लक्षात राहत नाहीत, माणसांच्या खोडी राहतात. म्हणून मेलेल्या माणसाला एक खोड द्यायची. मी इकडे तिकडे बघितलं, आणि समोर बायको बसली होती. माझी बायको दार लावते, कुलूप घालते, तीन पावलं जाते आणि परत येऊन कुलूप ओढून बघते. तोवरची अडतीस वर्षं मी जिन्यात तिची वाट बघत उभा होतो.

"नावाड्याच्या बायकोला खोड होती," मी म्हणालो. "कुलूप लावून तीन पावलं जायची, परत यायची, ओढून बघायची. रोज. एक दिवस नावाडी दुपारी घरी आला. घराला कुलूप. सत्तावीस पायऱ्या आहेत ह्या, शेवटच्या कोरड्या पायरीवर तिच्या चपला. जोडीने, पाण्याकडे तोंड करून. शेजारीण म्हणाली, सकाळी अकराच्या सुमाराला वारा पडला तेव्हा ती बाहेर पडली. कुलूप लावलं आणि तशीच गेली. परत वळली नाही."

"अगं बाई," बायको म्हणाली. "माझीच खोड मलाच विकताय होय?"

"आणि का गेली?" लेकीने विचारलं.

"पलीकडच्या काठावरून तिला कुणीतरी हाक मारत होतं म्हणतात."

"कुणी?" बायकोने विचारलं.

ते मी अजून रचलं नव्हतं. "ते कुणालाच कळलं नाही," मी म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. जावयाने पायऱ्या मोजल्या. पाण्याखाली दिसत होत्या त्या धरून सत्तावीस भरल्या. मला गंमत वाटली. अंदाज कधीकधी लागतो.

दुपारी आम्ही संग्रहालयात गेलो. जुनं मिठाचं कोठार, एकच लांब खोली, भिंतींना अजून पांढरी पुटं. एक बाई काचांवरून फडकं फिरवत होत्या. नांगराचे दात, नाणी, फुटके रांजण. शेवटच्या पेटीत एक कुलूप होतं. मुठीएवढं लोखंडी, त्याची कडी एका बाजूने झिजून निम्मी झालेली. शेजारी टाइप केलेलं कार्ड. शाई तपकिरी पडलेली.

'नावाड्याच्या घराचे कुलूप. त्याची पत्नी घर बंद करून तीन पावले गेल्यावर परत येऊन ते ओढून पाहत असे.'

माझ्या पाठीवरून एक मुंगी चालत वर गेली आणि मानेपाशी थांबली. मी हात लावून बघितला. मुंगी नव्हती.

जावई माझ्या खांद्यावरून वाचत होता. "वा बाबा! आधी वाचून आला होता तर!"

"मी रचलं होतं हो ते."

"असू दे, असू दे," तो म्हणाला.

मी बाईंना गाठलं. म्हटलं, ही आपल्यातलीच असणार. सकाळी घराच्या भिंतीमागे उभी राहून ऐकलं असेल, दुपारपर्यंत कार्ड तयार. मी असतो तर तेच केलं असतं. मी डोळा मिचकावला. "झकास जमलंय. कागद चहात बुडवला का?"

"कुठला कागद?"

"मीही याच धंद्यातला. चाळीस वर्षं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ते कार्ड माझ्या आधीच्या बाईंनी टाइप केलंय," त्या म्हणाल्या. "त्या वारल्या तेव्हा मी शाळेत होते." आणि फडकं झटकून त्या पुढच्या पेटीकडे वळल्या.

संध्याकाळी मला एका जागी बसवेना. मी खडे वेचले, फेकले, परत वेचले. शेवटी ठरवलं की परीक्षा घ्यायची. टेकडीवर एक गोल टेहळणी बुरूज दिसत होता, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. जेवताना मी बुरुजाची गोष्ट काढली, आणि मुद्दाम अशी काढली की कुठल्याही कार्डावर बसणार नाही.

"त्या बुरुजावर पहारेकरी नव्हताच," मी म्हणालो. "एक बदक होतं. एका डोळ्याने आंधळं. शत्रू दिसला की ओरडायचं. नाव होतं साहेब. पंचवीस शिपाई सकाळ-संध्याकाळ त्याला सलाम ठोकायचे. तेरा वर्षं नोकरी केली. शेवटी पाहणीला आलेल्या सेनापतीच्या कोटाचं बटण गिळून मेलं."

लेकीला इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं. बायकोही हसली. "आणि पेन्शन?"

"अर्ध्या वाटेत अडकलं. बटणासारखं."

त्या रात्री मी छान झोपलो. बदकाने मला वाचवलं होतं.

सकाळी बुरुजावर वारा जोरात होता. आत कबुतरांची घाण आणि गार दगडाचा वास. मी मुद्दाम सगळीकडे बघितलं. कार्ड नाही, पाटी नाही, काही नाही. मी शीळ घालायला लागलो.

"अहो, इकडे या," बायकोने बुरुजामागून हाक मारली.

ती गवतात गुडघ्यावर बसली होती. समोर वीतभर उंचीचा दगड. त्यावरचं शेवाळ ती नखाने काढत होती. आधी 'सा' दिसला. मग 'हे'. मग 'ब'. त्याखाली एक छोटं वर्तुळ कोरलेलं, आणि वर्तुळात चार भोकं.

"बिचारं," बायको म्हणाली.

मी खाली बसलो.

"ऐका," मी म्हणालो. "आईशप्पथ सांगतो. हे बदक काल रात्री मी रचलं. असं बदक नव्हतं."

"मग हे काय आहे?" जावयाने दगडाकडे बोट दाखवलं. तो फोटो काढत होता.

"ते मला माहीत नाही!"

"बाबा, पुरे आता," लेक म्हणाली. "दर वेळी काय!"

चाळीस वर्षं खोटं बोललो, कुणी हटकलं नाही. जन्मात एकदा खरं बोललो, तर समोर दगड उभा.

उतरताना मी बायकोचा हात धरला. तिने दोनदा सोडवून घेतला. रस्त्यात ती म्हणाली, "तुमचं एक चुकलं हं काल. नावाड्याची बायको तिसऱ्या पावलाला वळायची नाही. तिसऱ्याला थांबायची, चौथ्याला वळायची."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" ती म्हणाली. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "पलीकडे कुणी राहतं का हो?"

मी पलीकडे बघितलं. गवताचा उतार. एक झाड नाही, घर नाही, धूर नाही.

"नाही. का?"

"सकाळपासून कुणीतरी हाक मारतंय. आवाज ओळखीचा आहे. नाव आठवत नाही."

मी घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते.

"निघायचं," मी म्हणालो. "आत्ता. जेवण वाटेत."

"बाबा, दुपारी अजून कमानी बघायच्या—"

"आत्ता म्हटलं ना!"

मी लेकीवर कधी ओरडत नाही. जावयाने माझी नाडी बघायला हात पुढे केला, तो मी झटकला. आम्ही तंबू सोडायला लागलो. मी खुंट्या उपटत होतो आणि एक डोळा बायकोवर ठेवला होता. ती गाडीत सामान भरत होती. चादरी, चहाची किटली, तिची हातपिशवी. मी खुंटी उपटायचो, बघायचो. उपटायचो, बघायचो. ती तिथेच होती.

मग माझ्या हातातलं कापड एकदम लोंबलं.

वारा पडला होता.

सगळीकडे इतकी शांतता झाली की दूरवर गाडीचं दार लागलेलं ऐकू आलं. बायकोने किल्ली फिरवली. किल्ली खिशात टाकली आणि निघाली.

एक. दोन. तीन.

चार.

पाच.

ती वळली नाही.

मी धावलो. त्या वयात धावणं म्हणजे पडता पडता पुढे जाणं. खडे पायाखालून सरकत होते. "अगं! अगं, थांब!" मागे लेक काहीतरी म्हणाली. ती जवळ असूनही तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा आला.

पडक्या घराला वळसा घालून मी पायऱ्यांपाशी आलो. चपला पायरीवर होत्या. जोडीने. ती पाण्यात उतरत होती. घोटा. पोटरी. ती घाईत नव्हती. मान किंचित तिरकी, लांबचं ऐकताना करते तशी.

मी तिला नावाने हाक मारली. अडतीस वर्षांत मी तिला नावाने चार-पाचदाच हाक मारली असेल. ती वळली नाही.

पाणी गुडघ्याला लागलं.

माझ्या पायांत उतरण्याचं बळ नव्हतं. हातात काही नव्हतं. माझ्याकडे आयुष्यात एकच अवजार होतं. मी ताठ उभा राहिलो आणि राजवाड्यातला आवाज काढला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"नावाड्याची बायको," मी म्हणालो, "गुडघाभर पाण्यात गेली. आणि तिथे थांबली."

ती थांबली.

"तिला आठवलं, की कुलूप ओढून बघायचं राहिलंय."

तिचे खांदे हलले.

"पलीकडून हाक आली. तिने ऐकली. पण राहिलेलं काम तिच्याच्याने सोडवेना. ती वळली."

ती वळली. तिचा चेहरा झोपेतून उठवलेल्या माणसासारखा होता.

"अहो," ती म्हणाली, "कुलूप..."

"ती एकेक पायरी चढून वर आली. वर नावाडी उभा होता. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला."

तिने माझा हात धरला. तो इतका गार होता की मला चटका बसल्यासारखं वाटलं.

तिथे मी थांबायला हवं होतं.

पण चाळीस वर्षांची जीभ. आमच्यात गोल शेवट करायचा नसतो. 'पुढे सुखाने राहिले' म्हटलं की लोक जांभया देतात, कुणाला पटत नाही. शेवटाला आकडा लागतो, आणि तोही वेडावाकडा. शंभर म्हटलं की थाप, सत्त्याण्णव म्हटलं की इतिहास. हे मी नव्या पोरांना शिकवलंय. मी श्वास घेतला आणि गोष्ट नीट बसवली.

"आणि त्यानंतर," मी म्हणालो, "ती अकरा वर्षं, चार महिने जगली."

तेव्हा कुठेतरी काहीतरी थांबलं. इतका वेळ एक आवाज येत होता हे मला तो बंद झाल्यावर कळलं. वारा परत सुटला.

"माझे पाय ओले कसे हो?" बायको म्हणाली. तिने चपला घातल्या, गाडीपाशी गेली आणि दार ओढून बघितलं. तिला आजही यातलं काही आठवत नाही.

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर तिचा हात धरून बसलो होतो. आनंदाने मला रडू येत होतं. तळं सोडून तासभर झाल्यावर मी पहिल्यांदा वजाबाकी केली.

का नाही मी एकेचाळीस म्हटलं? एकेचाळीसही वाकडाच आकडा आहे. त्रेचाळीस चाललं असतं. तोंडातून जे पहिलं आलं ते अकरा.

वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे विचित्र चांगली. ज्या हृदयासाठी मला खुर्चीवर बसवलं होतं ते तपासताना डॉक्टर यंत्र ठोकून बघायचे. या सगळ्या वर्षांत तिला साधी सर्दी झाली नाही. एकदा ती जिन्यावरून पडली, आठ पायऱ्या, आणि उठून पदर झटकून भाजी आणायला गेली. लेक म्हणाली, "आईला काही म्हणजे काही होत नाही." मी म्हणालो, "हो. अजून नाही."

मी स्वस्थ बसलो नव्हतो. गोष्ट मी रचली होती, तर ती मीच दुरुस्त करणार. दिसेल त्याला मी नावाड्याच्या बायकोची गोष्ट सांगायला लागलो आणि शेवटी एकेचाळीस वर्षं म्हणायला लागलो. पहिल्यांदा न्हाव्याला सांगितली. तो माणूस त्या तळ्याच्या दिशेला आयुष्यात गेलेला नाही. त्याने कात्री थांबवली, आरशातून माझ्याकडे बघितलं. "एकेचाळीस?" तो म्हणाला. "अकरा ना?"

बागेतल्या बाकावर एका निवृत्त इंजिनियरला सांगितली. तो म्हणाला, "आकडा तपासा एकदा." पोस्टमन पाकीट हातात ठेवून म्हणाला, "आणि चार महिने. तुम्ही चार महिने विसरलात." नात सहा वर्षांची, तळ्यानंतर जन्मलेली. तिला झोपवताना मी पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली. तिने डोळे न उघडता माझं वाक्य पुरं केलं.

त्यानंतर मी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. आता सांगतोय, आणि खरा आकडा सांगतोय, कारण दुसरा कुणी घेतच नाही.

अकरा वर्षांवरचा चौथा महिना येत्या रविवारी भरतो.

बायकोला मी एका शब्दाने बोललेलो नाही. पण काल दुपारी तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चहाची पूड कुठे असते ते दाखवलं. मग साखर. मग गॅसची खालची चावी कशी फिरवायची ते. माझ्याकडून दोनदा फिरवून घेतलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"माहीत असलेलं बरं."

आज तिने विजेच्या बिलांची फाइल काढून दिली आणि कपाटाच्या किल्ल्या. उद्या, म्हणाली, धुण्याचं मशीन. शनिवारी तुमच्या औषधांच्या वेळा, त्या लिहूनच ठेवते, तुमचा काही भरवसा नाही.

"आणि रविवारी?" मी विचारलं.

"रविवारचं काही ठेवलेलं नाही," ती म्हणाली, आणि मिठाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून अंगठ्याने नीट दाबली.